त्रेचाळीस दगडांची कमान

१

ऑगस्टमधला दुसरा रविवार हा आमच्या कोल्पाबांबा गावात पुलाचा दिवस. त्या दिवशी लग्न नाही, बाजार नाही, आणि आजारी पडायचं असेल तर शनिवारीच पडून घ्या असं म्हातारे थट्टेनं सांगतात. आमच्या या डोंगरांत ऑगस्ट कोरडा, नदी त्या सुमाराला आटलेली असते. पलीकडच्या कमानीखालून तेवढी बारीक धार चाललेली, बाकी सगळे गोटेच गोटे. पावसाला अजून तीन महिने असतात. वर्षभरात दगडांमधल्या जेवढ्या दरजा उघड्या पडल्या असतील तेवढ्या चुन्यानं भरून घ्यायच्या, एवढंच काम. पण ते काम दोनशे वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. भूकंपाच्या वर्षीही नाही, आणि गावात देवी आल्या त्या वर्षीही नाही.

पुलाला तीन कमानी. मधली मोठी, बाजूच्या दोन तिच्या निम्म्या. दोन्ही खांबांना वरच्या अंगाला धारदार नाकं काढली आहेत. पूर आला की पाणी त्यांच्यावर आदळून दुभंगतं आणि मुकाट्यानं कमानींखालून जातं. खालच्या अंगाला तेच खांब गोल आहेत. खांबांच्या डोक्यावर रस्त्याच्या कडेला कोनाडे सोडले आहेत, समोरून लादलेली खेचरं आली की माणसानं तिथं अंग चोरून उभं राहायचं. चुन्यात नदीची वाळू, अंड्यातलं पांढरं आणि निवडुंगाचा चीक. आराखडा करणारा उस्ताद किनाऱ्यावरच्या शहरातून आला होता, तो तिसऱ्याच वर्षी तापानं गेला. जाण्याआधी त्यानं गावाच्या खळ्यावर खुंटी ठोकून, दोरी फिरवून मधली कमान पूर्ण मापाची आखून ठेवली होती. तेवढ्या एका रेघेवरून, लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी पुढची आठ वर्षं खपून पूल उभा केला. कठड्यावर १७८३ कोरलं आहे. आजही त्या कमानीखाली उभं राहून वर बघितलं की छाती दडपते, आणि आम्ही तर रोज बघणारी माणसं.

देल्मिरा या पुलाची गवंडीण. आधी तिचा सासरा हे काम करायचा, मग नवरा आबिलियो. आबिलियो सात वर्षांपूर्वी नदीच्या रेतीतून सोनं धुवून काढायला खालच्या जंगलात गेला. त्याचं ना पत्र आलं ना निरोप. तेव्हापासून थापी हिच्या हातात आली. बाईमाणूस परांचीवर कसं चढेल म्हणून पहिल्या वर्षी चार म्हातारे कुरकुरले. मग तिनं भरलेल्या दरजा त्यांनी नखानं उकरून बघितल्या आणि गप्प बसले.

कामाला हात लावण्याआधी हजेरी होते. तायता नेमेसियो, म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात मोठा माणूस, मानाची काठी धरून पुलाच्या मध्यावर उभा राहतो आणि नावं घेतो. कागद नाही, सगळं तोंडपाठ, पार पहिल्या वर्षीच्या गड्यांपासून. जिवंत माणूस ‘आहे’ म्हणतो. मेलेल्याच्या नावाला त्याच्या घरचं कुणीतरी लाकडी मोगरीनं पुलाच्या दगडावर एक ठोका देतं. मेला म्हणून कुणाचं नाव कामावरून कमी होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यापलीकडे कुणी विचारत नाही.

आबिलियोचं नाव आलं की मात्र काहीच व्हायचं नाही. ‘आहे’ म्हणणारा नाही आणि ठोका द्यायला कुणाचा हात धजावत नाही. नेमेसियो एक श्वास थांबायचा, तीनशे माणसं देल्मिराच्या पाठीकडे बघायची, आणि मग पुढचं नाव यायचं. सात वर्षं हा एक श्वास तिनं सोसला होता.

२

त्या वर्षी तिनं मोगरी घरूनच नेली होती.

कारण होतं, आणि ते गावाला ठाऊक होतं. चुनाभट्टीवाला लेओन्सियो पाच वर्षांपूर्वी बायको गेल्यानं एकटा पडला होता. साधा माणूस, बोलायला मंद आणि कामाला वाघ. त्यानं तिला कधी काही विचारलं नाही. फक्त भट्टीतला सगळ्यात चांगला चुना तो तिच्यासाठी वेगळा काढून ठेवायचा आणि वर्षातून एकदा तिच्या घराचं छप्पर बघून जायचा. बायकाच धुण्यावर तिला छेडायच्या, की बाई, कालवलेला चुना फार दिवस ठेवला तर दगड होतो हं. देल्मिरा हसून सोडून द्यायची. पण ती सेहेचाळीस वर्षांची झाली होती आणि घरात पाऊल टाकलं की स्वतःच्याच श्वासाचा आवाज तिला ऐकू यायचा.

नेमेसियोनं आबिलियोचं नाव घेतलं. देल्मिरा वाकली आणि तिनं मोगरीचा ठोका दिला.

एका म्हातारीनं गेलेल्याला मान म्हणून डोक्यावरची हॅट काढली. देल्मिराला वाटलं होतं की रडू येईल, पण आली ती नुसती दमणूक. तिनं मोगरी उचलली, आणि तेव्हा खालून दुसरा ठोका ऐकू आला. मधल्या कमानीच्या पोटातून. तिच्या ठोक्यापेक्षा जरासा हळू, पण लाकडाचाच, दगडावर.

प्रतिध्वनी, ती मनात म्हणाली. कमानीखाली पोकळी असते, आवाज घुमतो. तसा तो घुमतोच. पण लहानपणापासून तिनं त्या पुलावर शेकडो ठोके ऐकले होते, आणि एकालाही खालून उत्तर आलेलं नव्हतं. तिनं इकडेतिकडे बघितलं. नेमेसियो पुढचं नाव घ्यायचं विसरून पायाखालच्या दगडांकडे बघत होता. मग त्यानं खाकरून घेतलं आणि हजेरी पुढे चालू झाली.

३

रविवारी गाव मिळून वरचं काम उरकतं. कमानींच्या पोटाचं काम मात्र पुढे दहा-बारा दिवस गवंड्याचं आणि चुनेवाल्याचं. सोमवारी देल्मिरानं आणि लेओन्सियोनं मधल्या कमानीखाली निलगिरीच्या वाशांची परांची बांधली.

सासऱ्यानं तिला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे दरज भरण्याआधी दगड वाजवायचे. कमानीच्या एका पायापासून सुरुवात करून, उंचावरचे लांब काठीला बांधलेल्या मोगरीनं, एकेक करत दुसऱ्या पायापर्यंत. भरीव वाजला तर ठीक, बद्द वाजला तर त्याच्या मागचा चुना गेला समजायचं. वाजवता वाजवता मोजायचेही. इकडून एकवीस, तिकडून एकवीस आणि माथ्यावर एक. दोन्ही बाजूंची रेटारेटी तो माथ्यावरचा एक दगड पेलतो. सगळी कमान त्याच्या भरवशावर. त्रेचाळीस हा आकडा तिला स्वतःच्या वयापेक्षा पक्का ठाऊक होता.

तिनं मोजले ते चव्वेचाळीस भरले.

चुकलं असेल म्हणून तिनं दुसऱ्या पायाकडून मोजले. चव्वेचाळीस. मग खडूनं एकेका दगडावर रेघ मारत मोजले, तरी तेवढेच. दगड जोडीनं असले की माथ्यावर दगड येत नाही, सांधा येतो. तिनं मान वर करून बघितलं. माथ्याच्या बरोबर मध्यावरून एक सरळ बारीक सांधा गेलेला होता.

तिनं लेओन्सियोला हाक मारून मोजायला लावले. त्यानं तोंडातली कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात सारत सावकाश मोजले. त्याचेही चव्वेचाळीसच.

“तुझा सासरा मक्याची चिचा पिऊन मोजत असेल,” तो म्हणाला.

“आणि मी? मी काय पिऊन मोजत होते सात वर्षं?”

सासऱ्याची गाठी मारलेली दोरी तिनं घरून आणली आणि दोघांनी कमानीचा गाळा मोजला. एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत अंतर तेवढंच होतं, एका बोटाचाही फरक नाही. दगडही सगळे सारख्या रुंदीचे. मग तेवढ्याच जागेत एक दगड जास्तीचा बसला कसा? लेओन्सियोनं बराच वेळ दोरी हातात धरून ठेवली. शेवटी तो म्हणाला की दगड मोजून पोट भरत नाही, चुना वाळतोय. पण त्या दिवसापासून तो कमानीखाली आला की डोक्यावरची हॅट काढून ठेवू लागला.

४

बुधवारी सकाळी तिला माथ्यावर पांढरं दिसलं.

जुना चुना पिवळा पडलेला असतो, नवा पांढरा फेक दिसतो. त्यांची परांची कमानीच्या निम्म्या उंचीपर्यंतच होती आणि माथ्याला अजून कुणी हात लावला नव्हता. तरी त्या मधल्या सांध्यात नवा चुना होता, आणि ओला असल्यासारखा चकाकत होता.

तिनं लेओन्सियोची वाट बघितली नाही. आणखी चार वासे बांधून ती वर चढली. खाली नदीचा बारीक आवाज, वर दगडाचं ते प्रचंड पोट, आणि मध्ये ती. पहिल्यांदाच तिला जाणवलं की हे सगळं वजन तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर आहे आणि खाली यायचं नाही म्हणून येत नाहीये. भीती होती, पण तेवढंच नव्हतं. लहानपणी पहिल्यांदा देवळातल्या घंटेखाली उभं राहून वर बघितलं होतं, तेव्हाचंच काहीतरी होतं ते.

चुना ओलाच होता, आणि दरज अंगठ्यानं दाबून बसवलेली होती. गवंडी थापीनं भरतात आणि थापीनंच घोटतात. अंगठ्यानं घोटणारा एकच गवंडी या गावात झाला. चौदाव्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा दगडाखाली चेंगरल्यापासून आबिलियोचं नख तिरकं वाढायचं, आणि त्यानं भरलेल्या प्रत्येक दरजेत ओळीनं तिरक्या खाचा उमटायच्या. सासरा त्यावरून त्याला फार बोलायचा. इथे त्या खाचा होत्या, सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

देल्मिरा तिथंच वाशाला मिठी मारून रडली. म्हणजे तो गेला होता. आपण ठोका दिला तो खराच होता, आणि तो ऐकून तो घरी आला होता. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं, आणि आपल्याला आनंद झालाय हे लक्षात आल्यावर ती घाबरली. खाली उतरल्यावर लेओन्सियोनं काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की आता सगळं बरोबर झालं. या पावसाळ्याआधी आपल्या दोघांचं बोलून टाकू, असंही ती म्हणाली. लेओन्सियो त्यावर इतका लाजला की त्यानं चुन्यात पाणी जास्त घातलं.

५

गुरुवारी दोन्या एर्कुलाना धापा टाकत नदीत उतरली. गावात टेलिफोन एकच, तिच्या दुकानातला, आणि तो वाजला की ती ज्याचा असेल त्याला बोलवायला पळते. पण त्या दिवशी तिला नीट बोलता येईना. ती नुसतीच देल्मिराच्या दंडाला धरून ओढत राहिली.

देल्मिरानं फोन कानाला लावला.

“देल्मी,” आबिलियो म्हणाला.

तिच्या हातून फोन पडला. एर्कुलानानं उचलून परत तिच्या कानाला लावला आणि धरून ठेवला. आबिलियो बोलत होता. कुठल्याशा नदीकाठच्या दवाखान्याचं नाव त्यानं सांगितलं. रेतीची दरड अंगावर आली होती, पाय मोडला होता, मग ताप, मग लाज. लंगडा आणि रिकाम्या हातांनी कसं परतायचं, म्हणून एक वर्ष गेलं, मग दुसरं गेलं. आता मात्र घरी यायला निघालोय, असं तो म्हणाला. तिला ते सगळं ऐकू येत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. तो जिवंत होता, खोकत होता, आणि मागे कुणाचा तरी रेडिओ वाजत होता.

“मग आताच कसा निघालास?” तिनं शेवटी विचारलं.

तो आधी खोकला. मग म्हणाला, “रविवारी सकाळी हाताला चुन्याचा वास यायला लागला. कितीदा धुतले तरी जाईना. आता तर कातडी फाटलीय, भट्टीवर महिनाभर काम केल्यासारखी. सात वर्षं मी चुन्याला हात लावला नाही, देल्मी. मला वाटलं, घराची आठवण माणसाला अशीच येत असेल.”

मंगळवारी दुपारच्या ट्रकनं येतो म्हणाला. हे बोलताना तो हसत होता, आणि त्याचं हसणं अजून तसंच होतं.

६

ती थेट नेमेसियोकडे गेली. म्हातारा उन्हात बसून मक्याचे भाजलेले दाणे चघळत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. ठोक्याचं, चव्वेचाळीस दगडांचं, अंगठ्याच्या खाचांचं आणि फोनचं. ऐकता ऐकता त्याचं चघळणं थांबलं.

जिवंत माणसाच्या नावाला ठोका दिला होता तिनं. दोनशे वर्षांत ही चूक कुणी केली नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला ती चूक वाटलीही नसती. ती म्हणाली, मी परत पुलावर येते, सगळ्या गावासमोर सांगते की चुकलं, ठोका मागे घेते. काय करायचं ते सांगा.

“मागे घ्यायची रीत नाही, पोरी,” नेमेसियो म्हणाला. “कुणाला कधी लागलीच नाही.”

“मग तुम्ही त्याचं नाव का घेत राहिलात दर वर्षी? सोडून दिलं असतंत.”

“नाव सोडणारा मी कोण? तू येण्याआधीपासून, मी येण्याआधीपासून हे काम चालू आहे. मी नुसता मोजणारा.” त्यानं तिच्याकडे न बघता पुढे सांगितलं, “तो आला की त्याला पुलावरून आणू नकोस. वरच्या उतारानं पाण्यातून आण. त्याचं पाऊल पुलावर पडू देऊ नकोस. बाकी मला काही माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं.”

घरी येताना वाटेत लेओन्सियो भेटला. बातमी त्याला लागलीच होती. त्यानं हॅट हातात धरली होती आणि तिची कड गोल गोल फिरवत होता. आबिलियो आला हे चांगलं झालं, असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. पण डोळे त्याच्या ताब्यात नव्हते. देल्मिराला ते दिसलं. तरी त्या क्षणी तिला एकच गोष्ट हवी होती. तो खोकणारा, हसणारा माणूस तिला धडधाकट दारात उभा हवा होता. मग काय व्हायचं ते होऊ दे.

७

ट्रक पूल ओलांडत नाही, तेवढी रुंदीच नाही. पलीकडच्या काठावर वळून उभा राहतो. मंगळवारी देल्मिरा सकाळपासून तिथं जाऊन बसली होती. ती स्वतः पाण्यातून गेली होती. फडक्यात उकडलेले बटाटे आणि चीज बांधून घेतलं होतं.

दुपारी बाराला तो उतरला. केस पांढरे झालेले, एका पायानं लंगडत, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. दोघं समोरासमोर उभी राहिली. मग त्यानं चिंध्यांचे हात तिच्या गालांना लावले, आणि चुन्याचा वास तिच्या नाकात गेला.

ती म्हणाली, पाण्यातून जाऊ. तो हसला. सात वर्षं मी या पुलावरून चालत येण्याचं स्वप्न बघतोय आणि तू मला बेडकासारखा नदीतून नेणार? तिनं कारण सांगितलं नाही. तिला सांगवलंच नाही, की मी तुझ्या नावाचा ठोका दिला. तिनं फक्त हात जोडले. आबिलियोनं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, बरं बाई, तू म्हणशील तसं.

पुलाच्या वर शंभर पावलांवर उतार आहे. पाणी पोटऱ्यांपर्यंत. दोघं हात धरून पार झाली. मग तो गोट्यांवर बसून पाय सुकवू लागला. तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले. घर डोळ्यांसमोर होतं, चढण चढली की झालं.

“ती दरज कुणी भरली?” आबिलियोनं विचारलं.

तो खाली पुलाकडे बघत होता. ऊन डोक्यावर होतं आणि मधल्या कमानीखाली काळी सावली. त्या सावलीत माथ्यावरची पांढरी रेघ इतक्या लांबूनही दिसत होती. गवंड्याच्या डोळ्याला तर ती दिसणारच.

“मी भरली,” ती म्हणाली. “चल आता.”

“तू नाही. तू थापीनं घोटतेस.” तो उठला. “माझा हात आहे तो, देल्मी. मी इथं नसताना माझा हात इथं कसा?”

तो तसाच अनवाणी गोट्यांवरून निघाला, बूट एका हातात धरून. तिनं धावत जाऊन त्याची बाही पकडली. आत्ताच कशाला, उद्या बघ, जेवून घे, आई गं, किती कारणं तिनं काढली. तो कमानीखाली पोचला, मान वर करून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं दुखणं एकदम गेलं. कमान होतीच तशी. त्याच्या बापानं त्याला पहिल्यांदा तिच्याखाली उभं केलं असेल तेव्हाही तो असाच बघत राहिला असेल.

“एकदा वर जाऊन बघतो,” तो म्हणाला. “एवढंच.”

पुलावर पाऊल नको, म्हातारा म्हणाला होता. परांची म्हणजे पूल नव्हे. वासे निलगिरीचे, गाठी मी स्वतः मारलेल्या. देल्मिरानं एवढाच विचार केला, आणि तिनं बाही सोडली.

८

त्यानं बूट शिडीच्या पायाशी जोडीनं ठेवले आणि तो चढू लागला. दुखरा पाय आधी, मग दुसरा. त्याचं डोकं सावलीत गेलं, मग खांदे. ती उन्हात उभी होती, वर बघता बघता तिच्या डोळ्यांसमोर काळं आलं. तिनं डोळे मिटून उघडले.

तिथं तिची आठ वाशांची परांची नव्हती. कमानीचं सगळं पोट लाकडांनी भरलेलं होतं. दोन हातांत न मावणारे वासे, एकावर एक चढवलेले, पंख्याच्या काड्यांसारखे माथ्याकडे पसरलेले. कमान चढवताना तिच्याखाली उभा करतात तो सांगाडा. त्यावर माणसं होती. किती ते तिला मोजता आलं नाही. कुणी टोपली वर देत होतं, कुणी दोर ओढत होतं, कुणी दगडाला खांदा लावून उभं होतं. एवढी माणसं, पण आवाज नाही. पायाशी अंड्यांच्या टरफलांचा ढीग होता, ओला. आणि वरचा पूल अजून पुरा झालेला नव्हता. माथ्यावरून तिला आभाळाची एक फट दिसत होती.

दोनशे वर्षं आम्ही समजत होतो की पूल बांधून झाला.

देल्मिराला भीती वाटायला हवी होती. तिचे गुडघे टेकले ते भीतीनं नव्हे. एवढं मोठं काम, आणि इतकी वर्षं, कुणाच्या डोळ्यांदेखत नाही, कुणी शाबास म्हणायला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आबिलियो त्यांच्यातून वर जात होता. लंगडत नव्हता. वाटेत कुणीतरी सरकून त्याला जागा करून दिली, कुणीतरी त्याच्या हातात टोपली दिली. त्यानं हातांच्या चिंध्या सोडून टाकल्या. एकदा त्यानं मान वळवली आणि तिला त्याचा चेहरा दिसला. लग्नाच्या दिवशीसुद्धा तो असा दिसला नव्हता. हाक मारायला तिनं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटून घेतलं. त्या चेहऱ्याला परत बोलवावं असं तिच्यात काही नव्हतं, आणि हे तिचं तिलाच कळलं, ते फार लागलं तिला.

मग डोळे सावलीला सरावले. आठ वासे होते, तिच्याच गाठी होत्या. वर कुणी नव्हतं.

लेओन्सियो आला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खांद्यावर चुन्याचं पोतं होतं. तिला गोट्यांवर बसलेली बघून तो लांबच थांबला, मग शिडीजवळच्या बुटांकडे त्याची नजर गेली.

“आला का तो?”

“आला,” देल्मिरा म्हणाली.

“मग आहे कुठं?”

“कामावर.”

लेओन्सियोनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यानं पोतं हळूच खाली ठेवलं आणि तिच्यापासून दोन हातांवर येऊन बसला.

“किती दिवसांचं काम आहे?”

“पूल पडेपर्यंत,” ती म्हणाली.

दोघांनीही त्या दगडांकडे बघितलं. त्यांच्या नातवंडांच्या नातवंडांनाही तो पूल पडलेला दिसणार नव्हता. थोड्या वेळानं लेओन्सियो उठला आणि एकटाच भट्टीकडे गेला. देल्मिरानं फडकं सोडून बटाटे आणि चीज शिडीच्या पायाशी मांडलं. लग्नानंतर रोज दुपारी मांडायची, तसं.